मागच्या वायपरचं ब्लेड बदललं, ३४० रुपयांत (फोंडा)

रिव्ह्यू दुकानाचा आहे की ब्लेडचा ते माझं मलाच अजून ठरलेलं नाही, दोन्हीचा समजा. आणि दुकानाचं नाव शोधत खाली जाऊ नका, ते मिळणार नाही, का ते पुढे येईलच.

आमची एसयूव्ही आठ वर्षांची, कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली थोडी कुरकुर आहे. नवरा शिपवर असतो, म्हणजे वर्षातले सहा महिने घरी आणि सहा समुद्रात, आणि गंमत अशी की पाऊस सुरू व्हायच्या आत तो बरोबर जॉइन होतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर गाडीला जे काय दुखेल खुपेल ते माझ्या गळ्यात. माझी रोजची फेरी फोंडा ते पणजी, कुंडई, बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, रायबंदर, आणि परत तशीच उलटी. या आठ वर्षांत पुढचे दोन ब्लेड चार वेळा तरी बदलले असतील, मागचं एकदाही नाही. खरं सांगायचं तर मागे वायपर आहे हेच मी विसरले होते, कारण तो पाठीमागे असतो आणि कुणी तक्रार करत नाही.

मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी ऑफिसातून घरी आले, पाऊस धो धो, आमच्या घराशी गाडी आत घ्यायची तर रिव्हर्सनेच घ्यावी लागते, गल्ली तेवढीच आहे. आता माझ्या गाडीत असं आहे की पुढचा वायपर चालू असताना रिव्हर्स टाकला की मागचा आपोआप फिरतो. सोय म्हणून ठीक आहे, पण त्या दिवशी त्या वायपरने काय केलं तर काचेवरचा दिवसभराचा लाल चिखल अर्ध्या काचेभर छान सारवून दिला, शेणाने अंगण सारवतात तसा. रिव्हर्स कॅमेरा बघावा तर त्याच्या भिंगावरही तोच चिखल. आरशात बघत बघत घेतली आणि शेजाऱ्यांच्या चिऱ्यांच्या (लाल जांभ्या दगडाच्या) गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, बंपर घासला. गडग्याला काही झालं नाही, चिरा तो, बंपरला वीतभर ओरखडा. सासरे बाल्कनीतून बघत होते. काही बोलले नाहीत, नुसतं "हं" म्हणाले, ते बोलण्यापेक्षा वाईट.

दुसऱ्या दिवशी उजेडात खाली वाकून बघितलं तर ब्लेडचा रबर एका टोकाकडून चार बोटं फाटून लोंबत होता, गांडुळासारखा. उरलेला भाग इतका कडक की नखाने दाबला तर दबेना. गोव्यात रबराचं आयुष्य काय असणार म्हणा, मार्च ते मे उन्हात भाजायचं, मग चार महिने पाण्यात, आणि आमची गाडी बाराही महिने आंब्याच्या झाडाखाली उभी, त्याचा चीक आणि कावळ्यांचं जे काय असतं ते वेगळं. पुढचे ब्लेड रोज फिरतात म्हणून खराब होतात, मागचं बसून बसून खराब होतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकते कारण ती मला स्वतःला उशिरा कळली. माझ्या बाबांकडे जुनी एस्टीम होती, तिला मागे वायपर नव्हताच आणि कधी अडलंही नाही. मग एसयूव्हीलाच का लागतो? तर सेडानची मागची काच तिरकी असते आणि वरून आलेला वारा तिच्यावरून सरकत पाठी जातो, थेंबही बरेचसे त्याच्याबरोबर जातात. एसयूव्ही आणि हॅचबॅक मागे कापल्यासारखी सपाट. गाडी वेगात पुढे गेली की तिच्या पाठीमागे पोकळी तयार होते, आणि मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी, चिखल, धूळ सगळं त्या पोकळीत ओढलं जाऊन काचेवर येऊन बसतं. म्हणजे तुमचीच गाडी तुमच्याच काचेवर चिखल फेकते. पाऊस नसतानासुद्धा, नुसता रस्ता ओला असला तरी पुरे. आणि आपल्याकडचा चिखल म्हणजे चिऱ्याच्या मातीचा, एकदा सुकला की कपड्यावरूनही जात नाही.

तर आता खरेदी. आधी गेले सर्व्हिस सेंटरला. अधिकृत, एसी, कॉफी मशीन. काउंटरवरच्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की मॅडम, नुसतं ब्लेड दाखवत नाही, आर्मसकट असेंब्ली येईल, १,६४० रुपये, प्लस लेबर, आणि ऑर्डर टाकावी लागेल, पाच-सहा दिवस. म्हटलं अहो आर्मला, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्याला, काय झालंय? तर म्हणे सिस्टीममध्ये तसंच आहे. त्या सिस्टीमशी वाद कोण घालणार. कॉफी प्यायले आणि निघाले. कॉफी मात्र चांगली होती.

मग घरी येऊन ऑनलाइन. जुनं ब्लेड टेपने मोजलं, बारा इंच भरलं, बारा इंचाचं "युनिव्हर्सल" मागवलं, २७५ रुपये, तिसऱ्या दिवशी आलं. लांबी अगदी तंतोतंत. बसेना. फिरवून बघितलं, उलटं करून बघितलं, मुलाने यूट्यूब लावून दिला, त्यातला माणूस दोन सेकंदात बसवतो आणि हसतो. अर्धा तास झटापट केल्यावर लक्षात आलं की त्या ब्लेडचा जोड छत्रीच्या मुठीसारख्या आकड्यात अडकणारा होता, आणि तसा आकडा गाडीच्या पुढच्या आर्मना असतो. मागच्या आर्मच्या टोकाला आकडाच नाही. युनिव्हर्सल म्हणजे पुढच्या वायपरपुरतंच युनिव्हर्सल. परत पाठवलं, पैसे आले, त्याबद्दल तक्रार नाही.

आणि मग हे दुकान. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, फोंड्याला वरच्या बाजारात जा, अमुक ठिकाणाहून आत वळ, बोर्ड दिसणार नाही कारण त्याच्यापुढे ताडपत्री बांधलीय. खरंच दिसत नाही. मी दोनदा पुढून गेले. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, वर छतापर्यंत फॅनबेल्ट टांगलेले, खाली कूलंटचे डबे, काउंटरवर गणपती आणि त्याच्या शेजारी एक उघडा कार्बोरेटर, तोही पूजेला ठेवल्यासारखा. मालक साठीच्या आसपास, चष्मा कपाळावर.

मी गाडीचं नाव, मॉडेल, वर्ष, व्हेरियंट सगळं पाठ करून गेले होते, ते सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला, "तें मागीर. पोरनें हाडलां?" म्हणजे कोकणीत, ते नंतर, जुनं आणलंय का?

जुनं ब्लेड? ते गाडीलाच लावलेलं.

"मागीर गाडी खंय?"

गाडी लांब लावलेली, कारण वरच्या बाजारात गाडी लावणं म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं (गणपतीच्या वर फळंफुलं बांधतात त्याचं) सामान घ्यायला जाण्यासारखं. पण ते काउंटर पोराच्या हवाली करून छत्री घेऊन निघालेच माझ्याबरोबर. ३०० रुपयांच्या वस्तूसाठी दुकानदार पावसात चालत येतो हे मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

गाडीपाशी आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं तर माझ्याकडे जुना टॉवेल मागितला. मी म्हटलं काका पुसायला फडकं आहे. म्हणाले फडकं नको, जाड पाहिजे. तो टॉवेल घडी घालून मागच्या काचेवर, आर्मच्या खाली ठेवला, आणि मगच आर्म उचलला. कारण ब्लेड काढलं की आर्मच्या टोकाला नुसतं कडक प्लास्टिक किंवा लोखंड उरतं, आत स्प्रिंग जोरात ओढत असते, हात सुटला तर फाडकन काचेवर. पुढची काच दोन थरांची, मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो, तिला तडा जाईल पण ती जागेवर राहील. मागची टफन काच, ती फुटली तर एकदम सगळीच, साबुदाण्यासारखी खाली. भर पावसात. मी घरी अर्धा तास जी झटापट केली होती ती टॉवेलशिवाय, हे ऐकून पोटात गोळा आला.

दुसरं म्हणजे मागचा आर्म पुढच्यासारखा सरळ उभा राहतच नाही, माझ्या गाडीत काचेच्या वर स्पॉयलर, म्हणजे छताची बाहेर आलेली कड, आहे, आर्म अर्धवट उचलला जातो आणि तिथेच हाताने धरून ठेवावा लागतो. त्यांनी एका हाताने आर्म धरला, दुसऱ्या हाताने ब्लेड आर्मशी काटकोनात येईपर्यंत फिरवलं आणि बाहेर ओढलं, टक्क, निघालं. दहा सेकंद. माझ्या गाडीत ब्लेडच्या मधोमध एक आडवी बारीक दांडी असते, ती आर्मच्या टोकाच्या खाचेत जाऊन बसते, ब्लेड सरळ असताना ती निघत नाही, आडवं फिरवलं की सुटते. ती दांडी मला बोटाने दाखवून म्हणाले, "इंच मागीर बाय, लॉक पयलीं."

हे वाक्य मी तेव्हापासून चार जणांना ऐकवलंय. पुढच्या वायपरला आकडा बऱ्याच गाड्यांना सारखाच, म्हणून तिथे इंचावर भागतं. मागे प्रत्येक कंपनीचं लॉक वेगळं, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचंसुद्धा वेगळं असू शकतं, म्हणून गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुना तुकडा हातात घेऊन जाणं बरं. एवढी साधी गोष्ट त्या ऑनलाइन पानावर कुठेच लिहिलेली नव्हती, तिथे मोठ्या अक्षरात फक्त इंच.

परत दुकानात. त्यांनी वरच्या फळीवरून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं ज्यात वीस-पंचवीस मागची ब्लेडं आडवीतिडवी, आणि माझ्या जुन्याचं लॉक एकेकाशी जुळवून बघत बसले, मासळी निवडल्यासारखं. दोन निघाली. एक ३४० ला, एक ५२० ला. फरक काय विचारलं तर म्हणाले ५२० वालं नावाजलेल्या कंपनीचं आहे, रबर थोडा बरा, पण तुमची गाडी झाडाखाली असते ना, मग दोन्ही वर्षभरातच जाणार, ३४० वालं घ्या. दुकानदार स्वस्त वस्तू घ्या म्हणतो तेव्हा मी घेतेच.

बसवायला परत माझ्याबरोबर आले. आर्मच्या सांध्यात मळ साचला होता तो जुन्या टूथब्रशने काढला, तेलाचा एक थेंब, आर्म दोन-तीनदा उचलून सोडून स्प्रिंगचा जोर बघितला, म्हणाले आर्म ठणठणीत आहे, अजून आठ वर्षं काढेल. आर्मच्या बुडाशी प्लास्टिकचं टोपण असतं आणि त्याच्याखाली नट, त्या नटाला नुसतं ब्लेड बदलताना हात लावायची गरजच नाही हेही सांगितलं. मला तेवढ्यात ते १,६४० आठवले. नवीन ब्लेड आडवं धरून दांडी खाचेत दाबली, टक्क आवाज आला, मग सरळ केलं. तो टक्क आवाज आला पाहिजे, नाही आला तर बसलेलं नाही, हायवेवर उडून जाईल.

मग म्हणाले पाणी मार बघू. स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढली तर मोटरचा आवाज येतोय, पाणी नाही. नोझल चोंदलेलं. शिवणाची सुई खुपसायला मी पर्समध्ये बघायला लागले तर नको म्हणाले, सुईने भोक मोठं होतं आणि मग फवारा काचेवर न पडता मागच्या स्कूटरवाल्यावर पडतो. त्यांनी खिशातून वायरीतली एक केसासारखी बारीक तार काढून दोनदा फिरवली, आतून लाल पाणी आलं, मग स्वच्छ. त्याचे पैसे घेतले नाहीत. बसवायचेही नाहीत. मी ३४० दिले, रोख, कारण त्यांचा गूगल पेचा कोड पावसाने पुसट झालाय आणि मोबाईल त्याला ओळखत नाही.

निघताना मी म्हटलं काका तुमच्या दुकानाबद्दल लिहिणार आहे, फोटो काढू का. तर म्हणाले, "नेटार नांव घालूं नाका बाय, मागीर सगळे वायपर विचारपाक येतले आनी हांव बेल्ट केन्ना विकूं?" म्हणजे मग सगळे वायपरच विचारायला येतील, मी बेल्ट कधी विकू? म्हणून नाव नाही. ज्याला खरंच हवं असेल त्याने ताडपत्रीमागचा बोर्ड शोधावा.

आता ब्लेडबद्दल, कारण आज हे लिहितेय तेव्हा अडीच महिने झाले. मोठ्या पावसात एकदम झकास, एका फेरीत काच साफ, आवाज नाही. चोर्ला घाटातून बेळगावला दोनदा जाऊन आले, तिकडे धुकं, वरून ट्रकच्या मागे मागे जाताना जो राडा उडतो त्यातही मागचं दिसत होतं. बारीक भुरभुर असते तेव्हा मात्र थोडं कुरकुरतं, काच अर्धी सुकी असते म्हणून, तेव्हा पाणी मारायचं. आणि वरच्या उजव्या कोपऱ्याकडे एक केसाएवढी रेघ राहते, ती पहिल्या दिवसापासून आहे, ५२० वाल्याने राहिली नसती का कोण जाणे. डाव्या बाजूचा त्रिकोण वायपर पोचतच नाही, पण त्यात ब्लेडचा दोष नाही, काच चौकोनी आणि वायपर अर्धगोल फिरणार, कोपरे उरणारच. तिथे बसून माझा मुलगा बोटाने चेहरे काढतो, आतून.

आतून म्हटलं म्हणून आठवलं, सुरुवातीला दोन दिवस मी नवीन ब्लेडलाच शिव्या घालत होते की काच धूसरच राहते, मग कळलं तो वाफारा आतल्या बाजूला आहे. पावसात चार माणसं, ओले रेनकोट, सगळा ओलावा काचेला. त्याला वायपर काय करणार, त्यासाठी मागच्या डिफॉगरचं बटण, काचेत ज्या आडव्या बारीक रेघा दिसतात ना त्या गरम होतात. आणि त्या रेघा आतून पुसताना जोरात खरवडू नका, एक तुटली की तेवढी पट्टी थंडच राहते.

एक सवय बदललीय ती म्हणजे सुक्या काचेवर मागचा वायपर फिरवायचा नाही. ऑक्टोबर ते मे काचेवर जी बारीक धूळ बसते ती रबराखाली पॉलिश पेपरचं काम करते. आधी पाणी, मग वायपर. आणि आंब्याचा चीक दिसला तर साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, रॉकेल-पेट्रोल रबराला लावायचं नाही, हे काकांचंच. गाडीवर कव्हर घालणाऱ्यांनी कव्हर ओढताना बघा, मागच्या ब्लेडमध्ये अडकतं, माझा आधीचा रबर त्यानेच फाटला असणार असा माझा संशय आहे, कारण कव्हर सासरे ओढतात. हे मी त्यांना बोललेले नाही. हं.

दुकानाबद्दल तक्रार एवढीच की एक ते चार बंद म्हणजे बंद, मी पहिल्यांदा गेले ती दीड वाजता आणि शटर खाली, आत रेडिओ चालू. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत आणि दिलं तर वहीतल्या कागदावर. ब्लेडवर गॅरंटी वगैरे काही नाही. ज्याची गाडी अजून वॉरंटीत आहे आणि ज्याला प्रत्येक गोष्टीचं पक्कं बिल लागतं त्याने सर्व्हिस सेंटरलाच जावं, फक्त आधी विचारावं की नुसतं ब्लेड मिळेल का, आणि नाही म्हणाले तर दोनदा विचारावं. माझ्या जावेच्या गाडीचं दुसऱ्या कंपनीच्या सेंटरमध्ये नुसतं ब्लेड मिळालं, म्हणजे मिळतं कुठे कुठे.

पाचात मार्क द्यायचे तर दुकानाला साडेचार, अर्धा पार्किंगचा कापला, तो खरं तर नगरपालिकेचा कापायला हवा. ब्लेडला साडेतीन, त्या रेघेसाठी.

ताजा कलम: नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर मोठ्या कौतुकाने दाखवलं, मागचा वायपर बदलला, टॉवेल, लॉक, दहा सेकंद, सगळं साग्रसंगीत सांगितलं. तो सिंगापूरजवळ कुठेतरी होता, रेंज येऊन जाऊन. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बंपरला काय झालंय?